वाचकांचे प्रश्न : आपलाच पेपर, मग वाटायचा कसा?

प्रश्न : ताई नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवतो. मागच्या वर्षी माझा संशोधनाचा पेपर एका परदेशी जर्नलमध्ये आला, ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता यायला हवं तर एपीसी, म्हणजे लेखकानं द्यायची फी भरा म्हणत होते, तेवढे पैसे कुठून आणणार, म्हणून साध्या सबस्क्रिप्शनमध्येच छापला. आता माझीच एमएस्सीची मुलं म्हणतात सर तुमचा पेपर उघडत नाही, पैसे मागतोय. जर्नलची पीडीएफ रिसर्चगेट या संशोधकांच्या वेबसाइटवर टाकणार होतो तर सहकारी म्हणाला कॉपीराइटचं लफडं होईल, रिपॉझिटरीत टाक. हे नक्की काय प्रकरण आहे?

उत्तर : सर, सहकाऱ्याचं बरोबर आहे. छापून यायच्या आधी आपण एक फॉर्म सही करून देतो ना, घाईघाईत, न वाचता, सबस्क्रिप्शनच्या जर्नलला त्यात बहुतेक वेळा छापील पीडीएफचे हक्क प्रकाशकाकडे जातात. पण रिव्ह्यूअरच्या, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त्या करून तुम्ही जी शेवटची वर्ड फाइल पाठवली आणि जिच्यावर ॲक्सेप्टेड म्हणून मेल आला, ती रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात ठेवायला बरेचसे मोठे प्रकाशक परवानगी देतात. ती ओळखायची कशी, तर सहसा डाव्या समासात ओळींचे नंबर, डबल स्पेसिंग, टेबलं शेवटी. वर जर्नलचा लोगो, दोन कॉलम आणि पान नंबर दिसला की समजायचं ही प्रकाशकाची. आजच मेलमध्ये शोधून ठेवा, कारण आमच्या लायब्ररीत दर वेळी गाडी इथेच अडते. एक मॅडम रिटायर होताना २० वर्षांचे पेपर घेऊन आल्या, सगळ्या छापील पीडीएफ, जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला, सहलेखकांना मेल करकरून कशाबशा ७ फाइली मिळाल्या. मला अजून हळहळ वाटते.

मग ओपन पॉलिसी फाइंडर या वेबसाइटवर जा, जुनं नाव शेर्पा रोमिओ, जर्नलचं नाव टाकलं की कुठली फाइल, कुठे आणि किती महिन्यांनी टाकायची ते दिसतं. या थांबण्याला एम्बार्गो म्हणतात, स्प्रिंगर नेचर या प्रकाशकाच्या सबस्क्रिप्शन जर्नलांना साधारण १२ महिने, काही ठिकाणी जास्त. तुमच्या पेपरला वर्ष होत आलंय म्हणजे बहुतेक जमून जाईल.

रिपॉझिटरी म्हणजे संस्थेनं सांभाळलेलं कपाट, लॉगिन नको, पैसे नकोत, गूगल स्कॉलरला सापडतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं असं कपाट आहे, बेंगळुरूच्या आयआयएस्सीचं आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर झेनोडो वापरा, २०१३ पासून युरोपातली सर्न ही संस्था ते फुकट चालवते. तिथे पेपरचा जर्नलवाला डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, तोच भरा, नवा घेऊ नका, नाहीतर सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले तुमच्या पेपरचे संदर्भ, दोन जागी विभागली जातात. रिसर्चगेट ही खासगी कंपनी, तिच्यावर एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०१७ मध्ये जर्मनीत केस केली होती, २०२३ मध्ये मिटली, आता अपलोड करतानाच हक्क तपासले जातात.

कुणी म्हणेल आता केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आलीय, जानेवारी २०२५ पासून सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना जवळपास १३,००० जर्नलं, मग ही खटपट कशाला? पण खासगी कॉलेजातल्या मुलीचं काय, पास होऊन बाहेर पडलेल्या मुलाचं काय, तुमच्या पेपरातली वनस्पती ज्याच्या बांधावर उगवते त्या शेतकऱ्याच्या पोराचं काय? त्यांच्याकडे कुठलं लॉगिन? त्यांच्यासाठी टाका सर.

प्रश्न : मी पुण्यात पीएचडी करते. पेपर छापायच्या आधी प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलनं तपासायच्या आधीचा मसुदा, ऑनलाइन टाकू का? गाइड म्हणतात कुणीतरी ढापेल.

उत्तर : अगं उलट आहे. प्रीप्रिंटवर तारीख पडते, हे काम आधी कुणाचं याचा तोच पुरावा. फिजिक्सवाले १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या मोफत साइटवर हेच करतात, पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ती सुरू केली. रशियन गणितज्ञ पेरेलमाननं पॉइनकारे कन्जेक्चर या गणितातल्या जुन्या न सुटलेल्या कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये फक्त तिथेच टाकली, जर्नलला पाठवलीच नाही, तरी जगानं श्रेय त्यालाच दिलं.

फक्त तीन गोष्टी बघ. जिथे पाठवणार त्या जर्नलला प्रीप्रिंट चालतं का ते आधी वाच, बहुतेकांना चालतं. सहलेखकांना, गाइडना विचारल्याशिवाय टाकू नकोस, कारण एकदा टाकलं की मागे घेतलं तरी अर्काइव्हवर जुनी व्हर्जन दिसत राहते. आणि कामातून पेटंट निघण्यासारखं काही असेल तर आधी अर्ज दाखल कर, अपलोड त्यानंतर.