पावसाळी नालीत तेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागात आमच्या गल्लीत गाड्यांचं गॅरेज आहे. जळकं ऑइल पावसाळी नालीत जातं. तक्रार केली की कर्मचारी येतात, तोवर नाली कोरडी. सोडणारा सापडावा कसा?

उत्तर : 'घाण पाणी येतं' एवढंच लिहिलं तर हेच होणार. तक्रारीत वेळ, कोणतं झाकण, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर, रंग, वास आणि शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहा. पावसाची तारीख मुद्दाम सांगतोय. तीन दिवस कोरडे गेल्यावरही पावसाळी नाली वाहत असेल, तर बहुधा कुणीतरी त्यात काही सोडतंय, नाहीतर नळाची लाईन फुटली आहे. क्लोरीनच्या साध्या चाचणीत नळाचं पाणी बहुतेकदा ओळखू येतं. अमोनिया जास्त निघाला तर गडरचं, म्हणजे संडास-मोरीच्या सांडपाण्याच्या लाईनचं, पाणी शिरतंय असं धरायचं.

शोध नेहमी खालून वर घ्यायचा. नाली जिथे नाल्याला मिळते तिथून एकेक चेंबर उघडत जायचं. एक चेंबर ओलं आणि त्याच्या वरचं कोरडं सापडलं, की जोडणी त्या दोघांच्या मधेच आहे. लाईन लांब असेल तर आधी मधलं चेंबर उघडावं, निम्मी पायपीट वाचते.

तुमच्याकडे वाहणं अधूनमधून होतं. अशा वेळी चेंबरच्या तळाशी रेतीची बोरी आडवी ठेवून एक-दोन दिवसांनी पाहतात. चारेक बोटं उंच अडसर पुरे, पाइप बुजवायचा नाही. मागे तेल साचलं की रात्री काय आलं ते सकाळी दिसतं. बोरी वरूनच दोरीने सोडायची, दोरीनेच काढायची. माणूस आत उतरवायचा नाही, विषारी वायूने क्षणात जीव जातो. आभाळ भरून आलं की बोरी आधी काढा, नाहीतर रस्ता तुंबेल.

गॅरेजच्या मोरीचाच संशय असेल तर तिच्यात फ्लोरेसीनचा हिरवा रंग पाण्यासोबत सोडतात आणि एकजण खालच्या चेंबरवर थांबतो. पावसाळी चेंबर हिरवं झालं तर जोडणी चुकीची, गडरचं हिरवं झालं तर बरोबर. मात्र बादलीने पावसाळी नालीच्या जाळीवर ओतत असतील तर रंग काही सांगणार नाही. तिथे जाळीवरचा काळा थर आणि गॅरेजच्या दारापासून आलेला ओघळ, यांचे तारखेसह फोटोच कामी येतात. ते महापालिकेच्या झोन ऑफिसला द्या, प्रदूषण नियंत्रण मंडळालाही द्या. 1974च्या जल कायद्याचं कलम 24 अशा सोडण्याला मनाई करतं. गडरचं पाणी निदान भांडेवाडीसारख्या सांडपाणी केंद्रात शुद्ध होऊ शकतं. पावसाळी नालीतलं तेल मात्र नाल्यावाटे थेट नागनदीत जातं.

प्रश्न : पारडीजवळ ट्रकची टाकी फुटून डिझेल सांडलं. लोकांनी पाण्याचा टँकर बोलावून रस्ता धुतला. बरोबर केलं का?

उत्तर : नाही. धुतलेलं डिझेल नालीतच गेलं. साबण टाकला असेल तर आणखी वाईट, कारण मग तेल पाण्यात मिसळतं आणि वरून काढता येत नाही.

आधी गळती थांबवायची, लगोलग उताराकडची जाळी झाकायची : रबरी मॅट, वर रेतीच्या बोऱ्या. मग सांडलेल्याभोवती कोरड्या रेतीचा किंवा दगडाच्या चुरीचा बांध. त्यानंतर बाहेरून आत भुसा टाकत यायचं, तेल पिऊ द्यायचं, फावड्याने ड्रममध्ये भरायचं. एकदा टाकून भागत नाही, दुसऱ्यांदा टाकून झाडावं लागतं. हा भुसा घंटागाडीत देऊ नका, तो घातक कचरा आहे; बुटीबोरीला त्याचं प्रक्रिया केंद्र आहे.

तेल नाल्यात पोचलंच तर मातीचा बांध घालून त्यात पाइप तिरपा बसवतात. वरच्या बाजूचं तोंड पाण्याखाली खोल, सुटणारं टोक उंच. खालचं पाणी निघून जातं, तरंगणारं तेल मागे अडतं.

सांडणारा इंधनाचा किंवा रसायनाचा टँकर असेल तर त्याच्या पाटीवरचा आकडा लांबूनच वाचून कळवा : 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल. पेट्रोल असेल तर भुसा-फावडं विसरा, लोकांना दूर करा आणि 101 फिरवा. ॲसिडवर भुसा कधीच नको; नायट्रिक ॲसिडने तो पेट घेतो.

प्रश्न : प्रतापनगरच्या नाल्यात साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी साय दिसते. तेलच ना?

उत्तर : काडीने ढवळून पाहा. तेल असेल तर साय फाटून लगेच पुन्हा जुळते. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर ती लोहयुक्त पाण्यातल्या जिवाणूंची साय आहे. ती तशीच राहू द्या.