इलेक्ट्रिक गाडीची रेंज ५०० किमी सांगतात, मग हायवेवर तेवढी का मिळत नाही? आणि किंमत एवढी का?

जाहिरातीतला आकडा चाचणीतला असतो. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत सरासरी वेग ताशी साधारण ४६ किमी असतो. हायवेवर आपण ११० ने जातो, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. थंडीत हीटर लावला की रेंज आणखी घटते. त्यात फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावतं, म्हणून लोक तिथेच वायर काढून निघतात. १० टक्क्यांच्या खाली तर कुणाचीच हिंमत होत नाही. म्हणजे हातात उरली ७० टक्के बॅटरी. ५०० चे तिथेच ३५० झाले, वेगाची वजावट अजून बाकीच!

मला खरा राग येतो तो किमतीचा. गाडीतला सर्वांत महाग भाग बॅटरी, आणि कंपन्या काढतात जड एसयूव्ही, ज्यांना बॅटरीही मोठीच लागते. नफा त्यात जास्त ना! जनरल मोटर्सने शेवरले बोल्ट ही परवडणारी इलेक्ट्रिक गाडी विक्री चांगली चालू असताना २०२३ च्या शेवटी बंद केली. हे मला अजिबात पटलं नाही.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवरच मागा. नेहमीच्या वेगाने चालवा आणि १०० किमीला किती युनिट जातात ते स्क्रीनवर बघा.