जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार नेमका कोणाच्या हाती असतो आणि तिची गुणवत्ता पालकांनी कशी ओळखावी?

आपल्या गावातील जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट चार वर्षांत ६४ वरून ४१ वर आला, आपल्याला नुकतेच शाळा व्यवस्थापन समितीवर घेतले आहे आणि मुख्याध्यापकांना काही विचारले की ‘ते वरून ठरते’ असे उत्तर मिळते, असे आपण लिहिले आहे. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोण, आणि शाळा चांगली आहे की नाही हे आपल्यासारख्या पालकाने कशावरून ठरवावे, हे आपले दोन प्रश्न आहेत. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागात काम केले, त्यांपैकी शेवटची आठ वर्षे केंद्रप्रमुख म्हणून. त्या अनुभवावरून उत्तर देत आहे.

मुख्याध्यापकांचे उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी ते बहुतांशी खरे आहे. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षकांचा पगार राज्य शासन देते, नेमणूक आणि बदली जिल्हा परिषद करते, शाळेची खोली गळत असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत वर जातो, आणि पाणी, स्वच्छतागृह, आवारभिंत अशा गोष्टींसाठी ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधीही उपयोगी पडतो. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीट, म्हणजे काही केंद्रांचा गट, सांभाळणारे शिक्षण विस्तार अधिकारी आणि साधारण दहा-बारा शाळांच्या केंद्राला केंद्रप्रमुख, अशी ही उतरंड आहे. शिक्षकांची निवड आता राज्याच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून आणि बदल्या ऑनलाइन होतात. यामुळे बदल्यांसाठी चालणारी शिफारसबाजी खूपच कमी झाली, हे मी समाधानाने सांगतो. परंतु त्याचबरोबर आपल्या शाळेला कोणता शिक्षक मिळावा याविषयी गावाला किंवा मुख्याध्यापकांना काही म्हणण्याची जागाही फारशी उरलेली नाही.

या रचनेत लोकप्रतिनिधींचे स्थान जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत आणि तिच्या सभापतींमध्ये आहे. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि वर्षानुवर्षे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून सर्व निर्णय घेत राहिले. या काळात अनेक अधिकाऱ्यांनी उत्तम काम केले, यात शंका नाही. तरीही आपल्या गटाचा सदस्य सभागृहात उभा राहून ‘माझ्या गावात एक शिक्षक कमी का?’ असा प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवावे लागते, ही व्यवस्था नसल्याची उणीव लहान गावांना सर्वांत जास्त जाणवली.

आता आपल्या पटाकडे येतो, कारण आपल्या शाळेचे भवितव्य त्या एका आकड्याला बांधलेले आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेत किती शिक्षकांची पदे असावीत हे ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असतात. म्हणजे पट ६४ असताना आपल्या शाळेला तीन शिक्षक मिळत होते आणि साठाच्या खाली येताच ते दोन झाले. पाच वर्ग आणि दोन शिक्षक. त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका. ज्या दिवशी ते बाहेर असतात त्या दिवशी एकच शिक्षक पाच इयत्ता सांभाळतो. पालक हे पाहतात, ज्यांना परवडते ते मुलांना तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसवतात, आणि पट आणखी घटतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, त्याची झळही लहान पटाच्या शाळांनाच अधिक बसली. पट घटला म्हणून शिक्षक कमी झाला की शिक्षक कमी झाला म्हणून पट घटला, याचा वाद गावात घालण्यात अर्थ नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना खाली ओढतात. मात्र मंजूर पद आणि भरलेले पद यांतील फरक आपण अवश्य तपासा. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक जागा रिक्त ठेवता येत नाहीत, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते. दोन मंजूर पदांपैकी एक जरी रिक्त असेल, तर समितीच्या ठरावात या कलमाचा उल्लेख करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करता येते.

शाळा सुधारण्याचा विचार आपण एकट्या गावापुरता करत आहात, तो केंद्राच्या आणि बीटच्या पातळीवर करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. जिल्हा फार दूर असतो आणि एका शाळेचे हात फार तोकडे असतात. केंद्रातील शिक्षक एकमेकांना ओळखतात, महिन्याच्या शिक्षण परिषदेत भेटतात, एका शाळेत जमलेली गोष्ट दुसऱ्या शाळेत आठवड्याभरात पोहोचू शकते. साताऱ्याच्या कुमठे बीटचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे आहे. तेथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एखादी आदर्श शाळा निवडून तिच्यावर सारे लक्ष केंद्रित केले नाही. बीटमधील सर्व शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलाने साहित्य हाताळत, बोलत, चुका करत स्वतः शिकावे अशा रीतीने, शिक्षकांना सोबत घेऊन काम उभे केले. तपासणीला येणारा अधिकारी वर्गात मुलांसोबत खाली बसतो, ही गोष्ट त्या वेळी आम्हाला नवी होती. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, मीही गेलो होतो, आणि २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमावर त्या कामाची छाप होती.

दुर्दैवाने परत आल्यावर अनेक ठिकाणी, माझ्या केंद्रातील काही शाळांतही, फरशीवर रंगीत चौकटी रंगवल्या गेल्या आणि शिकवणे पूर्वीसारखेच राहिले. यात शिक्षकांइतकाच माझाही दोष होता. महिन्यात शाळेला दिलेल्या भेटीचा मोठा भाग मी माहितीचे तक्ते गोळा करण्यात घालवत असे. शेरेबुकात ‘परिसर स्वच्छ, उपस्थिती चांगली’ असे लिहून पुढच्या शाळेकडे निघत असे. ज्या वर्षी मी प्रत्येक भेटीत निदान पाच मुलांचे वाचन स्वतः ऐकायचे ठरवले, त्या वर्षापासून शिक्षकांशी होणारे माझे बोलणे बदलले, कारण आता आमच्यासमोर तक्त्याऐवजी एखादे ठरावीक मूल असे. म्हणून आपल्या शाळेचे शेरेबुक मागून वाचा. गेल्या वर्षभरात केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी किती वेळा आले आणि त्यांनी मुलांच्या शिकण्याविषयी काय लिहिले, यावरून वरच्या व्यवस्थेची प्रकृती कळते.

गुणवत्ता ओळखण्याचा मार्गही हाच आहे. रंगवलेल्या भिंती, टीव्ही संच, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीला बसलेल्या दोन हुशार मुलांचे यश, यांवरून शाळेचा अंदाज येत नाही. तिसरीच्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पुस्तकातील अनोळखी उतारा वाचायला द्या आणि हातच्याची वजाबाकी करायला सांगा. ग्रामीण मुलांच्या शिकण्याविषयीच्या ‘असर’ या पाहणीत देशभर जवळपास हीच चाचणी घेतली जाते आणि तिचे निकाल डोळे उघडणारे आहेत: सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. करोनानंतरची ही सुधारणा मोलाची आहे, तरीही चारांपैकी तीन मुले अजून मागेच आहेत. आपल्या तिसरीत आठ-नऊ मुले असतील, तर टक्केवारीची गरजही नाही. कोणते मूल अक्षरापाशी अडले आहे, कोणते शब्दापाशी, हे नावानिशी लिहून ठेवता येते. हे काम वर्गशिक्षकांसोबतच करा. पालकांनी परीक्षक बनून शिक्षकांची परीक्षा घेतली, तर पुढची पाच वर्षे शाळेचे दार आपल्यासाठी केवळ औपचारिकपणे उघडेल.

समितीच्या अधिकारांविषयी थोडक्यात सांगतो. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि बैठक दरमहा व्हायला हवी. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे कायदेशीर काम आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रपुरस्कृत योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान आहे आणि पट तीस किंवा त्याहून कमी झाला की ते १०,००० रुपयांवर येते. आपण त्या रेषेपासून अकरा मुलांच्या अंतरावर आहात. वीज, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सारे या रकमेत बसवणे कठीण असते, त्यामुळे कीर्दवही, म्हणजे जमाखर्चाची वही, पाहताना संशयापेक्षा समजूत अधिक ठेवावी.

पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडी आणि जालिंदरनगर या शाळांविषयी आपण वाचले असेलच. पहिल्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली, दुसरीला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरील सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. जिल्हा परिषदेची शाळा कोठवर जाऊ शकते हे या दोन्ही शाळांनी दाखवून दिले आणि मला त्यांचा अभिमान आहे. मात्र या दोन्हींमागे मुख्यतः एकाच शिक्षकाचे नेतृत्व होते, हे विसरून चालणार नाही. असा शिक्षक प्रत्येक वाडीला मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याची बदली होते. आपल्याला आज उपलब्ध असलेल्या दोन शिक्षकांसह काम करायचे आहे.

येत्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर एकच विषय घ्यावा, असे मी सुचवेन: दुसरी ते पाचवीतील प्रत्येक मुलाची वाचनाची आजची स्थिती. त्या बैठकीला केंद्रप्रमुखांना लेखी निमंत्रण द्या, यादी त्यांच्यासमोर करा आणि इतिवृत्ताला जोडा. अंगणवाडीतून पुढच्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांची नावेही त्याच दिवशी काढा आणि त्यांच्या घरी शिक्षकांसोबत समितीतील एखाद्या आईला जाऊ द्या. मुलाला दुसऱ्या शाळेत घालण्याचा निर्णय बहुतेक घरांत दिवाळीनंतरच होऊ लागतो, त्यामुळे मे महिन्यापर्यंत थांबलात तर उशीर होईल.