वहीतले बारा तास

नमस्कार,

मुलगा बी.कॉम. झाला, राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा हुकली. मग तुम्ही त्याला एक वही दिलीत. रोज किती तास अभ्यास झाला ते त्यानं लिहायचं, रात्री खाली तुमची सही. गेल्या महिन्यात कळलं की वहीत बारा-बारा तास भरलेत आणि पोरगा दुपारी अभ्यासिकेत नसतोच. तुम्ही विचारलंय, "त्याला शिस्त आणि तत्त्वं कशी शिकवू?"

मला काळजी वाटते ती त्या वहीची. घरात रोज तास मागितले जात होते, म्हणून त्यानं तास दिले. सात लिहिले असते तर जेवताना बोलणी बसली असती, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. तेवीस वर्षांच्या मुलाला रोज रात्री बापापुढे हजेरी द्यावी लागते, तेव्हा तो आधी स्वतःला वाचवतो, अभ्यास नंतर. खोटं बोलला ते चूकच. पण खरं सांगायची सोय त्या घरात किती होती, याचा विचार तुम्ही करायला हवा. तुम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर आहात, टॉवेलच्या मागांवर देखरेख करता. टॉवेल किती निघाले एवढ्यावर माल गठ्ठ्यात जात नाही, धागा कुठे सुटलाय ते बघावंच लागतं. मुलाच्या अभ्यासात मात्र तुम्ही फक्त नग मोजलेत.

परीक्षेबद्दल थोडक्यात: मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, नऊ पेपर, त्यात नीतिशास्त्राचा एक २५० गुणांचा. म्हणजे दिवसा सचोटीवर टिपणं आणि रात्री वहीत खोटे तास. हे ओझं त्यालाही जड जात असणार.

त्याच्या खोलीत तुम्ही सुविचारांचे तक्ते लावलेत. तत्त्व म्हणजे भिंतीवरचं चांगलं वाक्य, हा समज बऱ्याच घरांत आहे आणि तो मुलांचं नुकसान करतो. सकाळी अकराला चलनवाढीचा भाग डोक्यात शिरत नाही, तेव्हा 'कष्टाला पर्याय नाही' हे वाक्य काहीच ठरवत नाही. 'न समजलेलं पान मी उलटणार नाही' हे ठरवतं. पूर्व परीक्षेत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. मग 'दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले नाहीत, तर प्रश्न सोडायचा' हा नियम घरी बसूनच ठरवावा लागतो, आणि रोजच्या सरावात पाळावा लागतो, तरच तो परीक्षेच्या खोलीत टिकतो. असे दोन-तीन नियम पुरेत, पण ते त्यानं स्वतः करायचे. तुम्ही करून दिलेत की पुन्हा सहीची वही सुरू.

त्याला हेही सांगा: गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढून प्रत्येक चुकीपुढे कारण लिही. माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की अंदाज मारला? कोणतं कारण जास्त वेळा येतं त्यावर उद्याचं काम ठरव. सकाळी एकच प्रश्न लिहायचा, 'आज मला काय समजून घ्यायचंय', आणि रात्री त्याचं उत्तर न बघता लिहून पाहायचं. आलं तर चार तासही पुष्कळ झाले. हा कागद त्याचा, तुम्ही मागू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्या दोन पानी पत्रात सापडली नाही. त्याला अधिकारी व्हायचंय का? 'आमचं स्वप्न' तीनदा आलंय, त्याचं म्हणणं एकदाही नाही. येत्या रविवारी सिद्धेश्वर तलावाकडे दोघंच चक्कर मारा आणि हे विचारा. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा, लगेच समजवायला जाऊ नका. हो म्हणाला तर किती प्रयत्न करायचे आणि कुठे थांबायचं ते त्यालाच ठरवू द्या. नाही म्हणाला, तर बी.कॉम.वर बँकेच्या परीक्षा आहेत, हिशेब आणि जीएसटीची कामं आहेत, एम.कॉम. आहे. त्यातलं काय जमेल ते मी त्याच्याशी बोलेन. त्यासाठी पुढचं पत्र त्याला लिहू द्या.