दोघांनीच कोकणात तीन दिवस निवांत जायचंय, पण ‘गुहागरला बघण्यासारखं काही नाही’ म्हणतात. मग करायचं काय? आणि पुढच्या सहली आत्ताच ठरवाव्यात का?

‘बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मी हंगामात दर आठवड्याला ऐकते. गुहागरच्या पुढे आमच्या वाडीत आम्ही दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पिशव्या खाली ठेवायच्या आत माणसं विचारतात, “मग काकू, काय काय बघायचं?” तुम्ही निघायच्या आधीच विचारलंत आणि वर ‘निवांत’ हा शब्दही घातलात, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे धाकटे भाऊजी मुंबईहून ओळखीच्या जोडप्यांना इकडे पाठवतात, सोबत एक छापील कागद देतात. तीन दिवस, अकरा ठिकाणं. पहिल्या दिवशी हर्णै-मुरुड-दापोली, दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर-वेळणेश्वर-हेदवी, तिसऱ्या दिवशी तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे. नकाशावर फार छान दिसतं. पण किनाऱ्याच्या रस्त्याला तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही, म्हणजे चाळीस किलोमीटरला दीड तास. त्यात दोन फेरीबोटींच्या रांगा. एकाला दिवसभर स्टिअरिंग, दुसरीला दिवसभर ‘पुढचं वळण कुठे’. यात समुद्र किती वेळ मिळतो ते तुम्हीच मोजा. दोघांनी निवांत जायचं असेल तर तिन्ही रात्री एकाच खोलीत काढा आणि दिवसाला एकदाच बाहेर पडा. कुठे पडायचं हे कागदावरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा.

जुना हिशोब आहे. त्या दिवसाच्या तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी, नऊला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती ऐन दुपारी आणि मध्यरात्री येते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. त्यात ते उधाणाचे दिवस, म्हणून पाणी आत खूप लांब जातं आणि सूर्यास्ताला चालायला पसरट ओली वाळू मिळते. अष्टमीला उलट. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं, दुपारी ओहोटी, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे ओढ कमी. डुंबायचं असेल तर अष्टमीच्या आगेमागे या, चालायचं असेल तर पौर्णिमेच्या. हेदवीची बामणघळ बघायची तर पाणी चढलेलं असताना, उधाणाच्या दिवशी साडेदहा ते बारा. खडकाच्या त्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि कोंडून उंच उसळते. ओहोटीला गेलात तर कोरडी भेग दिसते आणि तुम्ही घरी जाऊन सांगता, बघण्यासारखं काही नाही.

आता गाडीचं. हे जरा लांबेल, कारण ते दर हंगामात घडतं आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की आपल्याच बाबतीत नशीब फिरलं.

दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला, म्हणजे पौर्णिमेलाच, पुण्याचं एक जोडपं सूर्यास्त बघायला छोटी गाडी घेऊन थेट वाळूत उतरलं. जाताना मी नको म्हटलं होतं. “घट्ट आहे हो काकू वाळू, मी चालून बघून आलो,” असं उत्तर आलं. माणसाचं वजन साठ-सत्तर किलो, गाडीचं टनभर. शिवाय ओहोटीच्या रेषेजवळची वाळू गाडी चालती असेपर्यंत घट्टच वाटते. गाडी उभी राहिली की चाकाभोवती पाणी वर येतं, वाळू खिमटासारखी होते आणि चाक हळूहळू बसतं. फोटो काढून ते गाडीत बसले, तेव्हा पुढची चाकं चार बोटं खाली गेली होती. त्या क्षणी गाडी सहज निघाली असती. त्यांनी ऍक्सिलरेटर दाबला. चाक जागेवर फिरलं की ते खड्डाच खणतं. दोन मिनिटांत गाडीचा तळ वाळूला टेकला, आणि तळ टेकला की चाकांवर भारच राहत नाही, मग ती कितीही फिरवा.

करायचं असतं ते असं. चाक रुतल्याचं जाणवलं की लगेच पाय काढायचा. दुसऱ्याने खाली उतरायचं. टायरमधली हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत सोडायची, म्हणजे नेहमीच्या निम्मी. टायर पसरतो आणि भार जास्त वाळूवर वाटला जातो. चाकांच्या वाटेतली वाळू हाताने उकरायची, आणि ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते (छोट्या गाड्यांत बहुधा पुढची) त्यांच्याखाली झावळ्या किंवा गोणपाटं घट्ट सारायची. स्टिअरिंग सरळ. मग शक्यतो रिव्हर्समध्ये, आलेल्या चाकोरीतूनच, क्लच अलगद सोडत बाहेर. ओढून काढायची वेळ आली तर दोर बंपरला बांधायचा नाही, तो उचकटून हातात येतो. गाडीच्या हत्यारांत एक आट्यांची कडी असते, बंपरवरचं छोटं झाकण काढलं की ती बसवायची जागा दिसते. ही कडी कुठे आहे हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. स्टेपनीखाली होती. शोधायला वीस मिनिटं गेली.

आणि इथे माणसं पाण्याचा वेग चुकतात. ओहोटी साडेपाचला होती. पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढंच चढतं, म्हणून वाटतं, वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत अर्धी भरती येते. ट्रॅक्टर आठला आला. पावणेनऊला गाडी सुटली तेव्हा पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं. तो ‘चालू होते का बघतो’ म्हणत किल्ली फिरवायला गेला, ट्रॅक्टरवाल्याने हात धरला. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. अशा वेळी बॅटरीची तार काढायची, गाडी ओढत गॅरेजला न्यायची आणि त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने भरपूर धुवायची. मीठ राहिलं की ब्रेक आणि सायलेन्सर धरतात. त्यांचा दुसरा दिवस चिपळूणला गॅरेजच्या बाकावर गेला.

शिवाय हिवाळ्यात याच वाळूत कासविणी अंडी घालतात, त्यावरून चाक नेणं मला तरी जमणार नाही. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर दोघींना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले, नावं ठेवली गुहा आणि बागेश्री. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. बघण्यासारखं काही नसलेल्या गावातून!

पाण्यात उतरायचं ते चढत्या पाण्यात, कमरेच्या आत. सुकतीला, म्हणजे पाणी उतरत असताना, नाही. खाडीच्या मुखाजवळ तर कधीच नाही. लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत आणि मधला पट्टा मात्र शांत, गढूळसर दिसतोय, तर ती जागा पोहायला चांगली नसते. तिथून पाणी आत ओढतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर जा, पट्टा अरुंद असतो.

खोली ठरवताना फोनवर हे विचारा: समुद्र चालत किती मिनिटं, आणि वाट बागेतून की रस्त्याने? वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? घरात मासे करता का? हा शेवटचा प्रश्न आमच्या भागात फार महत्त्वाचा. गुहागरात कित्येक घरांत शुद्ध शाकाहारीच जेवण असतं. माणसं सुरमईचं स्वप्न घेऊन येतात आणि पानात वालाची उसळ बघून तोंड पाडतात. (उसळ उत्तम असते, तो भाग वेगळा.) जिथे मासे करतात तिथेही सकाळी दहापर्यंत सांगा. दुपारी एकला मागितलेला मासा फ्रीजरमधला असतो. मार्गशीर्षातले गुरुवार आणि संकष्टी टाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्या दिवसांत ताजं म्हणून जे मिळेल ते खाडीतलं. कुर्ल्या अमावस्येच्या आसपास भरलेल्या असतात, पौर्णिमेला पोकळ, असं कोळणी सांगतात आणि माझ्या पातेल्याचा अनुभवही तोच आहे. ओळखपत्र दोघांचंही आणा. लग्न झालंय का हे मी विचारत नाही, पण नोंदवहीत दोन्ही नावं लागतात.

पुढच्या सहलींचं म्हणाल तर तीन वर्षांचं वेळापत्रक आत्ता करू नका, यादी करा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर पाच-पाच ठिकाणं लिहायची आणि दोन्हीकडे आलेली आधी घ्यायची. तेही घरी बसून नाही, इथे दुसऱ्या संध्याकाळी. पहिल्या संध्याकाळी माणूस अजून ऑफिसातच असतो. महिन्याला 3,000 बाजूला टाकलेत तर वर्षाला 36,000, त्यात अशा साध्या दोन सहली आरामात बसतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. त्यामुळे नाताळच्या आठवड्याची तिकिटं ऑक्टोबर सरता सरता काढायची, दिवाळीनंतर बघू म्हटलंत की संपलं. आमच्याकडे यायला चिपळूणला उतरायचं, पुढे गुहागर साधारण 45 किलोमीटर, एसटी मिळते. गाडी आणलीच नाही तर रुतण्याचा प्रश्नच मिटला.

एक मार्च वेळाससाठी ठेवा. मंडणगड तालुक्यातलं गाव, 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो, पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी पाण्यात सोडतात. पण घरटं त्या दिवशी फुटेलच असं कोणी लिहून देत नाही, म्हणून दोन रात्री राहा. आणि वाळूवर गाडी चालवायची हौस फिटतच नसेल तर नेत्रावती एक्सप्रेसने केरळातलं कण्णूर गाठा. जवळच मुळप्पिलंगाडचा किनारा आहे, चारेक किलोमीटर, बाहेरच्या खडकांमुळे लाटांचा जोर मोडतो आणि वाळू दाबून बसते. तिथे गाडी चालवायला परवानगी आहे. आमच्याकडे नाही.

आता थोडी सावधगिरी. तिथीचा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबईच्या तक्त्यापेक्षा आमच्याकडे भरती थोडी लवकर येते, आणि दक्षिणेकडे जाल तसं पाणी कमी चढतं. चालायला आणि बामणघळीला एवढा हिशोब पुरतो, पोहायला उतरताना मात्र वाडीतल्या माणसाला विचाराच. पावसाळ्यात यातलं काहीच लागू नाही. तेव्हा बामणघळीच्या शेवाळलेल्या खडकांवर जायचंच नाही. आणि तुम्हाला दोघांनाही गाडी चालवायला खरोखर आवडत असेल तर भाऊजींचा कागदही वाईट नाही, फक्त त्याला पाच दिवस द्या.

तुमच्या तारखा ठरल्या की आधी कालनिर्णयात तिथी बघा, मग खोलीला फोन करा. भाऊजी, वाचत असाल तर त्या कागदावर ‘हेदवी, सायंकाळी 4’ छापलंय ते बदला. पौर्णिमेला तिथे तेव्हा घोटाभरसुद्धा पाणी नसतं.