माळी व्हायला डिग्री कशाला?

प्रश्न: ताई, शाळेचं शेवटचं वर्ष आहे आणि मला हॉर्टिकल्चरला जायचंय. झाडांची आवड आहेच, पण घरचे म्हणतात माळी व्हायला एवढी वर्षं कॉलेज कशाला. आणि खरं सांगू का, माझं गणित कच्चं आहे, म्हणूनही हा कोर्स बरा वाटतोय. चुकतंय का काही?

उत्तर: गणिताचं चुकतंय गं. स्टॅटिस्टिक्स आहेच आहे. समज, दोन खतांत भारी कुठलं ते बघायचंय, पण शेताच्या एका टोकाला पाणी साचतं आणि दुसऱ्या टोकाला सावली, मग टोमॅटो खताने वाढले की जागेमुळे? म्हणून तुकडे पाडून कुठे कुठलं खत ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. ही पद्धत रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात बसवली, शेतीच्याच प्रयोगांसाठी. पण शिकता येतं, माझंही बेताचंच होतं.

आता घरच्यांचं. माळ्याला कमी लेखू नका म्हणावं आधी. डोळा भरायला, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्यावर बसवायला, मला एका माळीकाकांनी शिकवलं, खुंटाच्या, म्हणजे ज्यावर बसवायचा त्या रोपाच्या, सालीला टी आकाराचा काप घ्यायचा, साल हलकेच उचलून डोळा आत सरकवायचा आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. माझे पहिले कित्येक वाळले. एक दिवस काकांनी नखाने साल बघितली, म्हणाले आज सुटत नाहीये, राहू दे. का सुटत नाही ते मला नंतर वर्गात कळलं, सालीखाली कँबियमचा पातळ थर असतो, तो वाढीला लागलेला असेल तरच साल सुटते आणि डोळा खुंटाला जुळतो. साल कधी सुटते ते काकांना माहीत होतं, का सुटते ते डिग्रीने सांगितलं. दोन्ही लागतं, आणि नुसतं दुसरं घेऊन बाहेर पडलेले खूप बघितलेत मी.

बाकी माती, कीड, रोग हे विषय असतातच. काढणीनंतरचा पेपर मात्र मुलं उगाच हलक्यात घेतात. केळी १३ अंशांच्या खाली ठेवली की काळी पडतात, पिकलेल्या सफरचंदातून इथिलीन गॅस सुटतो आणि शेजारचा माल लवकर पिकतो, नोकऱ्या या कामातही असतात.

सुट्टीत महिनाभर एखाद्या नर्सरीत पिशव्या भरून बघ, उन्हात. तरी जावंसं वाटलं तर घे ॲडमिशन, फक्त कॉलेजची स्वतःची बाग आहे का आणि प्रॅक्टिकलला मुलांच्या हातात चाकू देतात की लांबूनच दाखवतात, हे तिथल्या सीनियर्सना विचार.