इंडेंट हातात आलं की आधी काय बघायचं? हॉस्पिटल फार्मसीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डी.फार्म. झालं, नोंदणीही झाली. घरचे म्हणतात, मेडिकल टाक. इकडे दोनशे खाटांच्या हॉस्पिटलमध्ये जागा आहे, पण पगार बेताचा. काय करू? (लातूर)

हॉस्पिटलमध्ये जा, पण कुठे उभं करणार हे विचारून जा. हॉस्पिटल फार्मसी म्हणजे एकच काउंटर नसतं. ओपीडीचं काउंटर वेगळं, वॉर्डची इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागणीची चिठ्ठी, घेणारी आयपीडी (भरती पेशंटची) फार्मसी वेगळी, शिवाय मेन स्टोअर आणि ओटी-आयसीयूची छोटी सब-स्टोअर्स. दोन वर्षं नुसतं ओपीडीला काढलीत तर बाहेरच्या मेडिकलमध्ये जे शिकला असतात तेच शिकाल. इंजेक्शनचं प्रमाण, द्रावणं, आयसीयूची औषधं आणि डॉक्टरांशी बोलणं हे सगळं आयपीडीत येतं. म्हणून मुलाखतीतच विचारा : पहिल्या वर्षात आयपीडी आणि स्टोअरची पाळी मिळेल का? रात्री फार्मासिस्ट किती असतात? धोक्याच्या औषधांची लेखी यादी आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर तिथे शिकवणारं कोणी नाही असं समजा.

आणखी एक. नोकरी करता करता सर्टिफिकेट दुसऱ्या दुकानाला ‘लावून’ चार पैसे मिळवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. ते अजिबात करू नका. जिथे तुम्ही प्रत्यक्ष काम करत नाही तिथे आपलं नाव वापरू देणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे गैरवर्तन आहे. त्या दुकानात काही घडलं तर नोंदणी तुमची अडकते.

धाकटी भावंडं डी.फार्म. करत असतील तर त्यांना सांगा : दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहेच, शिवाय 2022 च्या नियमांनी तीन पेपरांची एक्झिट परीक्षाही आली आहे. ते 500 तास सहीपुरते उरकू नयेत.

प्रश्न : आयपीडीला नवीन आहे. सकाळी राउंड संपला की सगळ्या वॉर्डांची इंडेंट एकदम येतात. प्रत्येक औषध नीट तपासायला वेळ नसतो. निदान काय बघितलंच पाहिजे? (नाशिक)

सगळ्या इंडेंटला सारखा वेळ द्यायला गेलात तर कुणालाच पुरणार नाही. पॅन्टोप्राझोल, ओन्डॅनसेट्रॉन, सलाईन, सिरिंज हे नाव, ताकद, संख्या, एक्सपायरी बघून भराभर काढा आणि वाचलेला वेळ मोजक्या औषधांवर घाला. त्यांची यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा : पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, रक्त गोठू न देणारी हेपारिन व एनोक्सापॅरिन, बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन, नॉरॲड्रेनॅलिनसारखी प्रेशरची औषधं, भूल आणि मॉर्फिन-फेंटानिल, केमोथेरपी, लहान मुलांचं कुठलंही इंजेक्शन.

यातलं काहीही आलं की पेशंटचं नाव, वजन, डोस, कशात मिसळायचं आणि किती वेळात द्यायचं हे बघा. इंडेंटवर यातलं फारसं काही नसतं, म्हणून ट्रीटमेंट शीटचा फोटो किंवा सिस्टीममधली ऑर्डर मागवा. सिस्टर घाईत असतात आणि त्यांची घाई खरी असते. म्हणून प्रश्न एकच आणि नेमका विचारा. ‘डोस बरोबर आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘किती मिलिग्रॅम, कशात टाकणार?’ असं विचारा.

पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलीचा ॲम्प्यूल 15 टक्क्यांचा असतो, म्हणजे एकात 20 मिलिइक्विव्हॅलंट. थेट शिरेत ढकलला तर हृदय थांबतं, आणि दिसायला तो डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूलसारखाच असतो. साध्या वॉर्डमध्ये त्याचा साठा ठेवूच देऊ नका. पेशंटच्या नावाने, मोजून पाठवा. हाताच्या शिरेतून द्यायचं असेल तर लिटरला 40 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको, आणि मॉनिटर नसेल तर तासाला 10 च्या वर नको. म्हणजे एक ॲम्प्यूल 500 मिली सलाईनमध्ये, किमान दोन तासांत. बाटली नीट उलटसुलट करून मिसळायला सांगा. लटकवलेल्या बाटलीत वरून टोचलं तर औषध तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळं आत जातं.

इन्सुलिनचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच. व्हायल बहुधा 40 युनिट प्रति मिलीची, पेनचं कार्ट्रिज 100 ची. पेन सापडत नाही म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या, म्हणजे 40 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, की अर्धा मिली आलं आणि पेशंटला 20 ऐवजी 50 युनिट गेलं. उलट, 40 ची व्हायल आणि नारिंगी टोपीची 100 ची सिरिंज असेल तर 20 च्या खुणेला फक्त 8 युनिट जातं आणि साखर उतरत का नाही म्हणून डोस वाढत राहतो. उपाय सोपा आहे : इन्सुलिन आणि त्याची सिरिंज एकाच पाकिटात द्या, आणि कार्ट्रिज पेनशिवाय वॉर्डला पाठवू नका.

हेपारिनची 5 मिलीची व्हायल 1000 युनिट प्रति मिलीचीही येते आणि 5000 युनिट प्रति मिलीचीही. दोन्ही एका कप्प्यात शेजारी शेजारी ठेवू नका.

ॲम्फोटेरिसिनकडे 2021 च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेपासून सगळ्यांचं लक्ष गेलं आहे, तरी धोका संपलेला नाही. लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बसवलेला) प्रकार आणि साधा प्रकार, दोन्हींची व्हायल 50 मिलिग्रॅमचीच. लायपोसोमलचा डोस किलोला 3 ते 5 मिलिग्रॅम. साध्याचा साधारण 1, आणि दीडच्या वर कधीच नाही. 60 किलोच्या पेशंटला लायपोसोमल 300 मिलिग्रॅम म्हणजे सहा व्हायली. तेव्हा ‘लायपोसोमल संपलं, साधं देतो’ म्हणून त्याच सहा व्हायली दिल्या, तर पेशंट दगावू शकतो. हा बदल डॉक्टरांनी नव्याने डोस लिहून दिल्याशिवाय होत नाही, हे स्टोअरच्या माणसालाही माहीत हवं. दोन्ही प्रकार फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईनमध्ये साका होतो. फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाचं नेमकं उलट : ते फक्त नॉर्मल सलाईनमध्ये.

प्रश्न : सुटीनंतर सकाळी फ्रिजचा किमान आकडा उणे 1 दिसला. आत इन्सुलिन आणि टीटी. मोठे म्हणाले, ‘दिसायला ठीक आहे, वापर.’ (सोलापूर)

वापरू नका. गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन डोळ्यांना स्वच्छ दिसू शकतं, आणि टीटीसारख्या ॲल्युमिनियम असलेल्या लसीला तर उष्णतेपेक्षा गोठणं जास्त घातक. माल थंडच ठेवा, पण वेगळ्या ट्रेमध्ये, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून. किमान-कमाल तापमान, किती वेळ आणि बॅच नंबर लिहा. मग कंपनीच्या वैद्यकीय माहिती विभागाला लेखी विचारा. निर्णय त्या उत्तरावर.

असं का होतं, हे आधी शोधायला हवं. घरगुती फ्रिजची मागची भिंत आणि फ्रीझरखालचा कप्पा सर्वांत थंड असतो; तिथे औषध टेकवू नका. दारात आणि सगळ्यात खाली पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेल्यावर तापमान सावकाश चढतं. सेन्सर उघड्या हवेत लोंबत असेल तर दार उघडताच आकडा उडतो. तो ग्लायकोलच्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवावा. नोंद दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही. आणि फ्रिजचा प्लग जनरेटरच्या लाइनवर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो नसतो.

प्रश्न : दर महिन्याला स्टॉक जुळत नाही. वसुली पगारातून होईल अशी भीती वाटते. (कोल्हापूर)

चोरीचा संशय मनात आणण्याआधी या जागा बघा. रात्री इमर्जन्सीत औषध आधी गेलं, इंडेंट आलंच नाही. वॉर्डचे रिटर्न टोपलीत पडून आहेत, एंट्री नाही. एक ब्रँड संपला म्हणून दुसरा दिला, बिल पहिल्याच नावाने. 10 गोळ्यांच्या जागी 10 स्ट्रिप टाकल्या गेल्या. आणि स्कीमचा माल : दहावर एक फुकट आलेला डबा कपाटात आहे, कॉम्प्युटरमध्ये नाही. फरक जास्त आला तर स्कीम, कमी आला तर रात्रीचा माल, असं आधी गृहीत धरून शोधलं तर बहुतेक गाठी सुटतात.

महिनाअखेरीच्या मोजणीवर अवलंबून राहू नका. रोज दुपारी वीस आयटम मोजा, महागडे आयटम आठवड्याला सगळे. फरक दुसऱ्या दिवशी सापडला तर माणसांना आठवतं; महिन्यानंतर कुणालाच काही आठवत नाही. पुन्हा मागवायची पातळीही आकड्यांवर ठरवा : रोज 60 व्हायली जातात, माल यायला चार दिवस, दोन दिवसांची राखीव धरली, तर 360 वर ऑर्डर गेलीच पाहिजे. माल लावताना आधी संपणारी बॅच पुढे, हे सगळ्यांना पाठ असतं. रिटर्न आलेली स्ट्रिप मात्र भलत्याच बॅचच्या डब्यात जाते आणि तिथूनच एक्सपायरी निघते.

मॉर्फिन-फेंटानिलचा हिशेब याहून कडक. कुलूपबंद कपाट, प्रत्येक पाळीला दोघांनी मिळून मोजणी. फेंटानिलच्या 2 मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये 100 मायक्रोग्रॅम असतं. पेशंटला 60 दिलं, तर उरलेलं 40 दोघांसमोर टाकून दोघांच्या सह्या, आणि रिकामा ॲम्प्यूल परत. शेड्यूल एच-1 आणि एक्स या औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या याद्या. एच-1 च्या औषधांचं रजिस्टर तीन वर्षं जपायचं. केटामिनसारख्या शेड्यूल एक्सच्या प्रिस्क्रिप्शनची प्रत दोन वर्षं.

प्रश्न : बी.फार्म. आहे, चार वर्षं स्टोअरला. क्लिनिकल फार्मसीकडे, म्हणजे वॉर्डमधल्या पेशंटची औषधं तपासून डॉक्टरांना सुचवण्याच्या कामाकडे वळायचं आहे. पण डॉक्टर ऐकतील का? (पुणे)

आकडे घेऊन फोन केला तर ऐकतात. एक उदाहरण घ्या. सत्तर वर्षांच्या आजी, वजन 50, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) 1.4. आकडा बघून कुणी थांबणार नाही. आता मूत्रपिंडाचा क्लिअरन्स, म्हणजे साफ करण्याचा वेग, सूत्राने काढा : (140 वजा वय) गुणिले वजन, भागिले (72 गुणिले क्रिएटिनिन), आणि बाईमाणूस असेल तर गुणिले 0.85. म्हणजे 3500 भागिले 100.8, साधारण 34.7, गुणिले 0.85, येतात साडेएकोणतीस. मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम 29-30 मिली साफ करताहेत. आणि शीटवर एनोक्सापॅरिन 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

फोनवर असं बोला : ‘सर, बेड 12 च्या आजी. वजन 50, क्रिएटिनिन 1.4, क्लिअरन्स साधारण 29 येतो. एनोक्सापॅरिन 50 दोनदा लिहिलंय. 30 च्या खाली किलोला 1 मिलिग्रॅम दिवसातून एकदाच देतात. एकदा करायचं, की हेपारिन घेताय?’ पंधरा सेकंदांत संपतं. आधी आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) सांगा. कन्सल्टंटना राउंडमध्ये पेशंटसमोर कधीच नाही. वजन मात्र केस पेपरवरचं अंदाजे धरू नका, मोजलेलं मागा. हिशेब काठावर असला की दोन किलोंनीही उत्तर बदलतं.

प्रत्येक फोनची एका वहीत नोंद ठेवा : तारीख, औषध, अडचण, सुचवलं काय, मान्य झालं की नाही. पेशंटचं नाव नको. वर्षभराची ही वही मुलाखतीत कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा जास्त बोलते, असं आमचं स्पष्ट मत आहे. औषधाची रिॲक्शन दिसली तर फार्माकोव्हिजिलन्सचा फॉर्म भरायला लागा. पेशंटची ओळखखूण, रिॲक्शन, संशयित औषध आणि कळवणारा, एवढं असलं तरी नोंद होते. गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राचा टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024.

पदवी हवीच असेल तर दोन वर्षांचं एम.फार्म. फार्मसी प्रॅक्टिसमध्ये, किंवा बी.फार्म.नंतरचं तीन वर्षांचं फार्म.डी. प्रवेशाआधी कॉलेजला एकच विचारा : विद्यार्थी वॉर्डमध्ये रोज किती तास असतात?

प्रश्न : केमो मिक्सिंगला नेमणूक झाली आहे. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. सुरक्षित आहे का? (नागपूर)

आत्ताच इनचार्जना सांगा, दिवस राहायची वाट बघू नका. गर्भधारणेचा विचार करत असताना आणि स्तनपान चालू असताना या कामातून बदली मागणं पूर्णपणे योग्य आहे. तोवर : बायोसेफ्टी कॅबिनेटशिवाय (औषधाचे कण बाहेर येऊ न देणारी काचेची पेटी) एकही व्हायल उघडायची नाही, पावडर नसलेल्या ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या, दर अर्ध्या तासाला बदल. सिरिंज लूअर-लॉकचीच (सुई फिरवून घट्ट बसणारी), पाऊणहून जास्त भरायची नाही. व्हायलमध्ये जेवढं औषध काढायचं त्यापेक्षा थोडी कमीच हवा सोडा, नाहीतर सुई काढताना फवारा उडतो. आयव्ही सेट औषध टाकण्याआधी साध्या सलाईनने भरून घ्या. व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध सिरिंजमध्ये देऊ नका, 50 मिलीच्या छोट्या बॅगेत द्या. चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर पेशंट जवळपास कधीच वाचत नाही, आणि बॅग कुणी कण्यात टोचायला जात नाही.

प्रश्न : सरकारी नोकरी की परदेश? (रत्नागिरी)

सरकारीत पदनाम ‘औषध निर्माण अधिकारी’ : जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग, सरकारी मेडिकल कॉलेजं. रेल्वे, ईएसआयसी आणि महापालिकांच्या जाहिराती वेगळ्या निघतात. डी.फार्म.वरही यातल्या बऱ्याच जागा असतात, आणि आपली राज्य कौन्सिलची नोंदणी चालू हवी. नूतनीकरण राहिलं म्हणून कागदपत्रं तपासताना मुलं बाद होतात.

परदेशासाठी देशाप्रमाणे पदवी बघा. आखाती देशांत कागदपत्रांची पडताळणी आणि लायसन्स परीक्षा असते. अनुभवाचं पत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, तारखा आणि कामाच्या स्वरूपासह, नोकरी सोडतानाच घ्या. ब्रिटनला आधी ओस्पॅप हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग फाउंडेशनचं वर्ष आणि परीक्षा. अमेरिकेला 2003 नंतरचं चार वर्षांचं बी.फार्म. चालत नाही, किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, फार्म.डी. चालतं. ज्यांचा अमेरिकेचा विचार पक्का आहे त्यांनी हे बारावीनंतरच ठरवावं.